फ्रिजच्या दारातून बर्फ येतो, त्याआधीची गोष्ट: डॉ. जॉन गॉरी

मोठ्या साइड-बाय-साइड फ्रिजच्या दारावर ग्लास टेकवला की खडखड करत बर्फाचे तुकडे पडतात. ट्रे भरा, फ्रीजरमध्ये ठेवा, सांडलेलं पाणी पुसा, यातलं काहीच करायचं नाही. हे शक्य होतं एका बारीक नळीमुळे. ती फ्रिजच्या मागून निघते आणि घरातल्या पाण्याच्या लाइनला जोडलेली असते.

ही नळी कशी जोडतात आणि जोडताना काय बघायचं, ते आपण या लेखात बघणारच आहोत. पण त्याआधी एका माणसाला भेटूया. यंत्राने बर्फ बनवून दाखवणाऱ्या अगदी पहिल्या लोकांपैकी ते एक. पावणेदोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या फ्लोरिडात, भर उन्हाळ्यात, त्यांनी हे करून दाखवलं. त्यांना सरबत थंड करायचं नव्हतं. तापाने फणफणलेले पेशंट वाचवायचे होते. आणि या एका यंत्रापायी त्यांचा पैसा, प्रॅक्टिस आणि तब्येत, तिन्ही गेलं.

त्यांचं नाव डॉ. जॉन गॉरी.

तापाच्या गावातला डॉक्टर

गॉरी यांचा जन्म १८०३ चा. बालपण साऊथ कॅरोलायनात गेलं. न्यूयॉर्क राज्यातल्या फेअरफील्ड इथल्या मेडिकल कॉलेजातून ते डॉक्टर झाले आणि १८३३ मध्ये फ्लोरिडातल्या अपॅलाचिकोला या बंदरात येऊन राहिले.

हे गाव मेक्सिकोच्या आखातावर, नदीच्या मुखाशी आहे. त्या काळात तिथून बोटी भरभरून कापूस बाहेर जायचा, त्यामुळे गावात पैसा होता. पण आजूबाजूला दलदल, हवेत दमटपणा आणि उन्हाळा आला की तापाची साथ ठरलेली. मलेरिया आणि पीतज्वर या दोन आजारांनी लोक पटापट मरायचे. जवळचं सेंट जोसेफ हे गाव तर १८४१ च्या साथीनंतर जवळजवळ ओस पडलं.

गॉरी नुसते दवाखान्यात बसून राहणारे डॉक्टर नव्हते. ते गावचे पोस्टमास्तर झाले, नगर परिषदेत निवडून गेले, १८३७ मध्ये महापौर झाले. गावाभोवतीची दलदल बुजवा, साचलेलं पाणी काढा, असं ते सतत सांगत राहिले. म्हणजे गावात मान होता, हातात सत्ता होती आणि प्रॅक्टिसही बरी चालत होती. पुढे त्यांनी काय काय पणाला लावलं, ते कळण्यासाठी हे लक्षात ठेवा.

ताप उतरवायला बर्फ हवा, पण बर्फ यायचा बोटीने

ताप कशामुळे येतो, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. दलदलीतून उठणाऱ्या घाण हवेमुळे माणूस आजारी पडतो, असा समज होता. मलेरिया या शब्दाचा मूळ इटालियन अर्थच मुळी खराब हवा असा आहे.

गॉरी यांचाही यावर विश्वास होता. पण त्यांनी आणखी एक गोष्ट हेरली. ही साथ उन्हाळ्यात वाढते आणि थंडी पडली की ओसरते. मग खोलीतली हवाच थंड केली तर?

त्यांनी पेशंटच्या खोलीत छताला एक भांडं टांगलं आणि त्यात बर्फ ठेवला. वरून येणारी हवा बर्फावरून जाऊन गार व्हायची. गार हवा जड असते, त्यामुळे ती खाली पेशंटच्या अंगावर उतरायची आणि जमिनीलगतच्या भोकातून बाहेर जायची. ना पंखा, ना वीज. आपला एसी भिंतीवर उंच लावतात, त्यामागेही हेच कारण आहे.

अडचण एकच होती: बर्फ आणायचा कुठून? फ्लोरिडात तलाव गोठत नाहीत. अमेरिकेच्या उत्तरेकडे हिवाळ्यात तलाव गोठले की बर्फाच्या लाद्या करवतीने कापायच्या, भुशात गुंडाळायच्या आणि जहाजात भरून गरम प्रदेशात पाठवायच्या, असा धंदा तेव्हा जोरात होता. या धंद्यातला सगळ्यात मोठा माणूस म्हणजे बोस्टनचा फ्रेडरिक ट्यूडर. लोक त्याला बर्फाचा राजा म्हणायचे. त्याचा बर्फ १८३३ मध्ये कोलकात्यापर्यंत पोचला आणि मग मुंबई आणि चेन्नईतही येऊ लागला. चेन्नईत हा बर्फ साठवायला बांधलेली गोल इमारत मरीना बीचसमोर आजही उभी आहे. आता ती विवेकानंदांच्या नावाने ओळखली जाते.

पण जहाज उशिरा आलं, वाटेत बर्फ वितळला किंवा उत्तरेत थंडीच कमी पडली, तर? मग भाव गगनाला भिडायचे किंवा बर्फ मिळायचाच नाही. आणि पेशंटला ताप तर आज आलेला असायचा.

बर्फ आणायचा नाही, बनवायचा

१८४४ मध्ये गॉरी यांनी टोपणनावाने स्थानिक वर्तमानपत्रात लेख लिहिले. यंत्राच्या मदतीने थंडी तयार करता येईल, हा त्यांचा मुद्दा होता. त्यानंतर त्यांनी हळूहळू प्रॅक्टिस सोडली आणि पूर्ण वेळ यंत्राला दिला.

यंत्रामागचं तत्त्व तुम्ही स्वतः अनुभवलेलं आहे. सायकलच्या टायरमध्ये हवा भरताना पंप गरम होतो, कारण हवा दाबली की तापते. उलट भरलेल्या टायरचा व्हॉल्व्ह दाबून हवा सोडली की ती बोटाला गार लागते, कारण हवा पसरली की थंड होते.

गॉरी यांनी हेच मोठ्या प्रमाणावर केलं:

१. एका सिलिंडरमध्ये पिस्टनने हवा दाबायची. हवा तापते.
२. त्यात पाण्याचा फवारा मारून ती उष्णता काढून घ्यायची. आता हवा दाबलेली आहे, पण गरम नाही.
३. ही हवा दुसऱ्या सिलिंडरमध्ये पसरू द्यायची. पसरताना ती पिस्टन ढकलते आणि प्रचंड गार होते.
४. या गार हवेने मिठाचं पाणी थंड करायचं. मिठाचं पाणी शून्य अंशाच्या खाली गेलं तरी लगेच गोठत नाही.
५. त्या मिठाच्या पाण्यात साध्या पाण्याचं भांडं ठेवायचं. भांड्यातलं पाणी गोठून बर्फ होतो.

यात एक हुशारी होती. पसरणारी हवा जो पिस्टन ढकलायची, ती ताकद ते पहिला पिस्टन चालवायला परत वापरायचे. वाफेचं इंजिन, घोडा, वारा, वाहतं पाणी, यातल्या कशावरही हे यंत्र चालू शकेल असा त्यांचा दावा होता. वीज घरात यायला अजून काही दशकं बाकी होती, हे विसरू नका.

१४ जुलै १८५०

१४ जुलै हा फ्रान्सचा राष्ट्रीय महत्त्वाचा दिवस. त्या दिवशी अपॅलाचिकोलातल्या एका हॉटेलात फ्रेंच वकिलाने मेजवानी दिली होती. बोटीने येणारा बर्फ त्या वेळी गावात नव्हता, त्यामुळे पाहुण्यांना कोमट वाइन प्यावी लागणार असंच सगळ्यांना वाटत होतं.

अशा वेळी वाढप्यांनी तबकांत बर्फ आणला. विटेएवढे तुकडे, आणि तेही जुलै महिन्यात. हा बर्फ कुठल्या तलावातून आला नव्हता, गॉरी यांच्या यंत्रातून आला होता. असा प्रसंग आज घडला असता तर दहा मिनिटांत त्याचे रील्स फिरले असते. तेव्हा बातमी पोचायला आठवडे लागले आणि ती पोचल्यावर कौतुकापेक्षा टिंगलच जास्त झाली. बर्फ बनवणं हे देवाचं काम, फ्लोरिडातला कुणी विक्षिप्त माणूस ते कसं करणार, अशा सुरात उत्तरेकडच्या वर्तमानपत्राने खिल्ली उडवल्याचं सांगतात.

पेटंट मिळालं, पैसा मिळाला नाही

६ मे १८५१ रोजी गॉरी यांना बर्फ बनवण्याच्या पद्धतीचं अमेरिकन पेटंट मिळालं. त्याचा क्रमांक ८०८०. ब्रिटनचं पेटंट त्याआधीच झालं होतं.

आता फक्त कारखाना उभा करायचा होता. बोस्टनच्या एका गुंतवणूकदाराने पैसे लावायची तयारी दाखवली, पण थोड्याच काळात तो वारला. दुसरं कुणी पुढे येईना. गॉरी यांनी दक्षिणेकडच्या शहरांत फिरून पैसे उभे करायचा प्रयत्न केला. तोही फसला.

अडचण दोन्हीकडून होती. एक म्हणजे यंत्रातून हवा आणि पाणी गळायचं. त्या काळच्या कारागिरीत घट्ट बसणारे पिस्टन आणि सील बनवणं फार अवघड होतं. दुसरं म्हणजे बाजार. तलावातला बर्फ फुकटच गोठतो, खर्च फक्त कापण्याचा आणि वाहतुकीचा. त्या धंद्यात लोकांचे भरपूर पैसे गुंतलेले होते. आपल्याविरुद्ध मुद्दाम अपप्रचार होतोय आणि त्यामागे ट्यूडर असावा, असा गॉरी यांना संशय होता.

१८५४ मध्ये त्यांनी आपल्या यंत्रावर एक छोटी पुस्तिका काढली. लोकांना पटवून द्यायचा हा शेवटचा प्रयत्न होता. त्याचाही उपयोग झाला नाही. तोपर्यंत पैसा संपला होता, तब्येत ढासळली होती. ज्या गावचे ते महापौर होते, त्याच गावात ते लोकांपासून दूर राहू लागले. २९ जून १८५५ रोजी, वयाच्या अवघ्या ५१ व्या वर्षी, त्यांचं निधन झालं. यंत्राने बनवलेल्या बर्फाचा धंदा त्यांना उभा करता आला नाही.

निदान चुकलं, यंत्र बरोबर निघालं

ज्या कारणासाठी गॉरी यांनी हे सगळं केलं, ते कारणच मुळात बरोबर नव्हतं. मलेरिया घाण हवेने होत नाही. डासामुळे होतो. हे सिद्ध करणारा महत्त्वाचा पुरावा १८९७ मध्ये आपल्याकडेच, सिकंदराबादला, रोनाल्ड रॉस यांना मिळाला. पुढे काही वर्षांत पीतज्वरही डासच पसरवतो, हे क्यूबामध्ये सिद्ध झालं. खोली गार केल्याने पेशंटला आराम पडत असेल, पण आजार बरा होत नव्हता.

गंमत अशी की गॉरी ज्या दुसऱ्या गोष्टीसाठी भांडत होते, म्हणजे दलदल बुजवणं आणि साचलेलं पाणी काढणं, तो उपाय एकदम बरोबर होता. डास तिथेच तर वाढतात. कारण त्यांना माहीत नव्हतं, तरी उपाय अचूक होता.

आणि थंडीचं यंत्र? त्याची गरज तर सगळ्या जगाला लागली. १८८१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड गोळी लागून उन्हाळ्यात अंथरुणाला खिळले, तेव्हा नौदलाच्या इंजिनिअर्सनी बर्फाच्या पाण्याने भिजवलेल्या कापडांवरून पंख्याने हवा सोडून त्यांची खोली थंड ठेवली. पेशंटसाठी खोली गार करायची गॉरी यांची कल्पना त्यांच्या मृत्यूनंतर २६ वर्षांनी थेट व्हाइट हाउसमध्ये वापरली गेली.

१९१४ मध्ये फ्लोरिडाने वॉशिंग्टनच्या संसद भवनात त्यांचा पुतळा बसवला. तिथे प्रत्येक राज्याला फक्त दोन पुतळे ठेवता येतात. त्यातली एक जागा फ्लोरिडाने या डॉक्टरला दिली.

गॉरींच्या यंत्रापासून आजच्या फ्रिजपर्यंत

आजचा फ्रिज मात्र थोडा वेगळ्या पद्धतीने चालतो. गॉरी हवा वापरायचे. फ्रिजमध्ये पटकन उकळणारा एक द्रव नळ्यांतून फिरतो. तो आत उकळून वायू होतो तेव्हा उष्णता शोषून घेतो आणि बाहेर पुन्हा द्रव होतो तेव्हा ती सोडून देतो. म्हणूनच फ्रिजची मागची किंवा बाजूची भिंत गरम लागते. ही कल्पना जेकब पर्किन्स यांनी १८३४ मध्येच पेटंट केली होती. १८७० च्या दशकात जर्मनीच्या कार्ल फॉन लिंडे यांनी ती कारखान्यात भरवशाने चालेल इतकी सुधारली. १९१० च्या दशकात घरगुती विजेचे फ्रिज आले आणि त्यांच्यासोबत बर्फाचा ट्रे आला.

पण ट्रे भरणारा हात अजूनही माणसाचाच होता. १९५३ च्या सुमारास सर्वेल या अमेरिकन कंपनीने आपोआप बर्फ बनवणारा घरगुती फ्रिज बाजारात आणला. त्यासाठी एक साधी गोष्ट लागली, जी गॉरी यांच्या काळात बहुतेक घरांत नव्हतीच: नळाचं पाणी. फ्रिजला पाण्याची लाइन जोडली आणि बर्फाच्या यंत्राला माणसाची गरज उरली नाही.

फ्रिजच्या आत काय होतं ते बघा. पाण्याच्या नळीवर विजेवर चालणारा एक छोटा व्हॉल्व्ह असतो. तो काही सेकंद उघडतो आणि साच्यात ठरावीक पाणी सोडतो. सेन्सरला पाणी गोठल्याचं कळलं की साचा किंचित तापवून किंवा पिळून तुकडे मोकळे केले जातात आणि ते खालच्या डब्यात पडतात. डबा भरला की एक दांडी किंवा सेन्सर यंत्राला थांबायला सांगतो. बर्फ संपला की पुन्हा सुरू.

लाइन जोडताना हे तपासा

आधी मॉडेल बघा. दारातून पाणी किंवा बर्फ देणाऱ्या प्रत्येक फ्रिजला लाइन लागतेच असं नाही. काहींमध्ये हाताने भरायची टाकी असते. विकत घेण्याआधीच विचारा.

प्रेशर मोजा. सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. बऱ्याच मॉडेल्सना कमीत कमी २० पीएसआयच्या आसपास दाब लागतो. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या पाण्याला दर १० मीटर उंचीमागे साधारण १४ पीएसआय दाब मिळतो. म्हणजे २० पीएसआयसाठी टाकी तुमच्या नळाच्या १४ मीटर वर हवी, चार-पाच मजले. वरच्या मजल्यावर राहत असाल तर हा दाब मिळणारच नाही आणि छोटा प्रेशर पंप लागेल. दाब कमी पडला की व्हॉल्व्ह उघडतो, पण साचा पूर्ण भरत नाही. मग तुकडे लहान किंवा पोकळ येतात.

आरओच्या टाकीला नुसती नळी लावून भागत नाही. आरओची आणि फ्रिजची नळी बहुतेक वेळा एकाच मापाची, पाव इंची असते. पण भिंतीवरच्या आरओच्या टाकीतल्या पाण्याला दाब जवळपास नसतोच. आरओचंच पाणी हवं असेल तर मध्ये पंप लागतो.

टी आणि स्टॉप कॉक लावा. पाइपला भोक पाडून वर चिमट्यासारखा बसणारा व्हॉल्व्ह स्वस्त मिळतो, पण तो तुंबतो आणि गळतो. लाइनमध्ये टी टाका आणि त्यावर स्वतंत्र स्टॉप कॉक बसवा. गळती झालीच तर अख्ख्या घराचं पाणी बंद करावं लागणार नाही. आणि जोडणी फक्त गार पाण्याच्या लाइनलाच करा.

नळी आधी धुऊन घ्या. फ्रिजला जोडण्याआधी नळीतून थोडं पाणी बादलीत सोडा. पाइपमधला गाळ व्हॉल्व्हमध्ये अडकला तर दुरुस्तीला बोलवावं लागेल.

मागे नळीचा सैल वेढा ठेवा. फ्रिज पुढे ओढताना नळी ताणली जाऊ नये आणि मागे सरकवताना ती दुमडू नये.

एक दिवस लक्ष ठेवा. पाणी सुरू केल्यावर प्रत्येक जोडावरून टिश्यू पेपर फिरवा. चोवीस तासांनी पुन्हा बघा. सुरुवातीचे एक-दोन डबे बर्फ टाकून द्या आणि फिल्टर असेल तर मॅन्युअलप्रमाणे, साधारण सहा महिन्यांनी, बदला.

शेवटी एवढंच

गॉरी यांच्या यंत्राने बर्फ बनवला, यात शंका नाही. कमी पडली ती यंत्राभोवतीची व्यवस्था: न गळणारे जोड, स्वस्त ऊर्जा, घरापर्यंत येणारं पाणी आणि वाट बघायला तयार असलेला पैसा. हे सगळं जमायला त्यांच्या मृत्यूनंतर जवळपास शंभर वर्षं लागली. आपल्या फ्रिजचंही तसंच आहे. मशीन कितीही महाग घ्या, मागची पाव इंची नळी नीट जोडली नसेल तर दारातून काहीच येणार नाही.